बटाट्यावाचून खुसखुशीत समोसा

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. नेमक्या त्याच वेळी चर्चगेटहून सुटलेली लोकल सुमारे ३४ किलोमीटर अंतरावरील बोरिवलीला पोहोचते, तेव्हा बाहेर पूर्ण अंधार झालेला असतो. रात्रीभोजनत्याग पाळणाऱ्या नोकरदार श्रावक-श्राविकेला कामाच्या दिवशी घरी परतून गरम न्याहारी करणे हिवाळ्यात जवळजवळ अशक्यच. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड येथील व्रतस्थ घरांत गरम समोसा हा त्यामुळे सुटीच्या दिवसाचा, आणि तोही दुपारचा पदार्थ ठरतो. सूर्यास्तापूर्वी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे आधी आहार आटोपण्याचा नियम जेथे आहे, तेथे तर पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत शेवटचा घास झालेला असावा लागतो.

या घाईत तळलेला समोसा पुष्कळदा मऊ पडतो. त्याची पारी तेलकट होते, सारण गिचका होते, आणि शाळेजवळच्या दुकानातील समोसा मित्रांच्या हाती रोज पाहणारा नातू विचारतो, “आजी, आपला समोसा तसा का होत नाही?” प्रश्न लहान आहे, पण त्यात कुटुंबाची मोठी कसोटी आहे. नियम पाळणाऱ्या घरातील खाणे बेचव असेल, तर मुलांच्या स्मरणात नियमामागील करुणा राहत नाही. केवळ बेचवपणा राहतो. पुढे ती मोठी होऊन स्वतंत्र घर थाटतात, तेव्हा आधी स्वयंपाकघरातील व्रत सुटते. म्हणून आजीच्या समोशाची पारी खुसखुशीत होणे ही केवळ जिभेची बाब नाही.

आणि बटाट्याच्या अभावाशी या मऊपणाचा काहीही संबंध नाही. समोशाचा खुसखुशीतपणा पारीत असतो. सारणाचे काम एवढेच, की त्याने पारी बिघडवू नये.

समोसा आधी, बटाटा नंतर

समोसा म्हणजे बटाटा, हे समीकरण आज इतके रूढ झाले आहे की बटाट्याविना समोसा ही एक तडजोड वाटते. इतिहास मात्र उलटा आहे. हा पदार्थ इराण आणि मध्य आशियाकडून भारतात आला. ‘संबोसा’ हे त्याचे जुने फारसी नाव. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाच्या दरबारी राहिलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने त्याचे वर्णन केले आहे. त्या वेळी त्याच्या सारणात मांसासोबत बदाम, पिस्ते आणि मसाले असत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये या पदार्थाचा उल्लेख करताना हिंदुस्थानातील लोक त्याला संबोसा म्हणतात, असे नोंदवले आहे.

बटाटा हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरातील. युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून तो पुष्कळ नंतर आपल्याकडे आला. मराठीतील ‘बटाटा’ हा शब्दच पोर्तुगीज भाषेतून आलेला आहे. आजची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड ही उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, ते बेट १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेले आणि चिमाजी अप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी ते जिंकून घेतले. म्हणजे ज्या भूमीवर आज हा समोसा तळला जातो, तिच्या इतिहासातच या शब्दाचे मूळ दडलेले आहे.

बटाटा भारतात येण्यापूर्वी कित्येक शतके समोसा होता. पारीचा त्रिकोण कायम राहिला आणि सारण प्रत्येक प्रदेशाने, प्रत्येक समाजाने आपल्या आचारानुसार बदलले. मांस गेले, डाळ आली, मटार आला, मावा आला, मग बटाटा आला. जैन घराने त्यात कच्चे केळे भरले, तेव्हा समोशाच्या जुन्या परंपरेलाच धरून ते वागले.

कंदमूळ वर्ज्य का

बटाटा भारतात नव्हता, तेव्हा रचलेल्या श्रावकाचाराच्या ग्रंथांत त्याचे नाव असणे शक्यच नाही. ग्रंथांत आहे ते तत्त्व. दिगंबर परंपरेतील आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचार’ या ग्रंथात ज्या वस्तूंपासून लाभ अल्प आणि जीवघात पुष्कळ, त्यांचा त्याग सांगितला आहे. मुळा आणि ओले आले यांचा त्यात उल्लेख येतो. श्वेतांबर परंपरेत २२ अभक्ष्य आणि ३२ अनंतकाय यांची गणना प्रसिद्ध आहे. ज्या एका शरीरात अनंत जीव नांदतात, ते अनंतकाय. शिवाय कंद उपटला की संपूर्ण रोपच नष्ट होते आणि माती उकरताना तिच्या आश्रयाने राहणारे असंख्य सूक्ष्म जीव मरतात. फळ तोडले तरी झाड उभे राहते. शेंग काढली तरी वेलीचे सर्वस्व जात नाही. बटाटा, कांदा, लसूण, गाजर, बीट आणि रताळे या सर्वांना हाच विचार लागू होतो.

या दृष्टीने पाहिले की सुंठ का चालते, हेही उलगडते. ओले आले सजीव असते. त्याचा तुकडा मातीत पुरला तर त्याला कोंब फुटतो. पूर्ण सुकलेल्या सुंठेत ती शक्ती उरत नाही. म्हणून अनेक जैन घरांत आल्याचा तिखटपणा सुंठेच्या पुडीतून येतो. हळदही सुकवून दळलेलीच वापरतात.

हा विचार आता उपनगरांच्या सीमेत राहिलेला नाही. मुंबईच्या रस्त्यांवर कच्च्या केळ्याची ‘जैन पावभाजी’ सहज मिळते. विमान कंपन्यांच्या भोजनयादीतही जैन आहारासाठी ‘व्ही.जे.एम.एल.’ असे स्वतंत्र संकेताक्षर आहे. तरीही बाहेर समोसा घेताना एक प्रश्न विचारलेला बरा: ज्या तेलात हा समोसा तळला, त्याच तेलात बटाटेवडे आणि कांदाभजी तळली होती का? या प्रश्नाचे निःशंक उत्तर घरच्या कढईतच मिळते.

केळ्याचा स्वभाव

कच्चे केळे बटाट्याची जागा घेऊ शकते, कारण त्यातही भरपूर पिष्ट असते. केळे पिकू लागले की त्या पिष्टाची साखर होते. म्हणून समोशासाठी केळे गडद हिरवे, कडक आणि देठाशीही पिवळसर न झालेले निवडावे. अर्धवट पिकलेले केळे सारणाला गोडसर आणि चिकट करते.

कच्च्या केळ्याचे तीन दोष आहेत आणि तिन्हींवर उपाय आहे. पहिला दोष काळे पडण्याचा. चिरलेल्या केळ्यातील एका द्रव्याचा हवेशी संबंध आला की गर काळवंडतो. केळे सालीसकट वाफवले तर उष्णतेने ही क्रिया थांबते आणि गर पांढुरका राहतो. दुसरा दोष तुरटपणाचा. वाफेने तो पुष्कळ कमी होतो आणि उरलेला आमचूर व बडीशेप झाकून टाकतात. तिसरा दोष चिकटपणाचा. गरम केळे पुरणासारखे घोटले तर त्याची खळ होते. म्हणून ते निवल्यावर हाताने किंवा काट्याने जाडसर कुस्करावे. डाव किंवा मिक्सर त्याला लावू नये.

मटाराच्या शेंगा सोलताना प्रत्येक शेंग उघडून पाहणे ही जैन घरातील जुनी सवय आहे. शेंगेत अळी आढळली तर ती अलगद बाजूला ठेवली जाते. गोठवलेल्या दाण्यांच्या पाकिटात ही पारख करता येत नाही. म्हणून ताज्या शेंगांचा हिवाळा हाच या समोशाचा खरा हंगाम.

साहित्य (१६ समोशांसाठी)

पारीसाठी: चाळलेला मैदा २५० ग्रॅम, साजूक तूप ६० ग्रॅम, ओवा अर्धा छोटा चमचा, मीठ पाऊण छोटा चमचा, गाळलेले गार पाणी सुमारे ९० मिलिलिटर.

सारणासाठी: मध्यम आकाराची कच्ची केळी ४ (सालीसकट सुमारे ६०० ग्रॅम), मटारचे दाणे १५० ग्रॅम, हिरव्या मिरच्या ३, तेल २ मोठे चमचे, जिरे १ छोटा चमचा, बडीशेप १ छोटा चमचा, भरड कुटलेले धने २ छोटे चमचे, हिंग पाव चमचा, हळद पाव चमचा, सुंठ पूड अर्धा चमचा, गरम मसाला अर्धा चमचा, आमचूर दीड छोटा चमचा, साखर अर्धा चमचा, चवीपुरते मीठ, मूठभर निवडलेली कोथिंबीर.

तळण्यासाठी: कढईत समोसे सहज बुडतील इतके तेल.

पारी

मैद्यात मीठ आणि चुरडलेला ओवा घालून पातळ केलेले तूप घालावे आणि दोन्ही तळव्यांत मैदा चोळत राहावे. तूप प्रत्येक कणाला लागले पाहिजे. मूठ दाबली असता पिठाचा मुटका टिकतो आणि बोटाने ढकलला असता मोडतो, तेव्हा मोहन बरोबर झाले असे समजावे. एक भाग तुपास चार भाग मैदा, हे प्रमाण लक्षात ठेवण्यास सोपे आहे.

मोहनाचे कार्य समजून घेण्यासारखे आहे. मैद्यात पाणी पडून तो मळला गेला की त्यात चिवट तंतू तयार होतात. पोळी लवचिक होते ती त्यांच्यामुळेच. समोशाला मात्र ती लवचिकता नको असते. तुपाचा लेप कणांना वेढून पाणी आत जाऊ देत नाही; तंतू आखूड राहतात आणि तळलेली पारी दाताखाली चुरते. मोहन कमी पडले तर पारी पापडासारखी कडक होते; जास्त झाले तर ती तेलात फुटते.

पाणी चमच्याचमच्याने घालून घट्ट गोळा बांधावा. कणकेसारखा मळून मऊ करू नये. पीठ गोळा होऊन आले की थांबावे, ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावे. या वेळात ओलावा सारखा मुरतो आणि लाटताना पारी आखडत नाही.

सारण

केळ्यांची दोन्ही टोके कापून ती सालीसकट १२ ते १५ मिनिटे वाफवावीत. सुरी आत सहज गेली की उतरवून पूर्ण निवू द्यावीत. मग साल काढून जाडसर कुस्करावीत. मटारचे दाणे मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून उपसावेत आणि सुती फडक्यावर कोरडे करावेत.

कढईत तेल तापवून जिरे, बडीशेप, धने, हिंग, हळद आणि बारीक चिरलेली मिरची यांची फोडणी करावी. तीत मटार घालून पाणी आटेपर्यंत परतावे. मग केळे, सुंठ, मीठ, साखर आणि गरम मसाला घालून मंद आचेवर चार-पाच मिनिटे, झाकण न ठेवता परतावे. झाकण ठेवले की वाफेचे पाणी परत सारणात पडते. आच बंद केल्यावर आमचूर व कोथिंबीर मिसळावी आणि सारण ताटात पसरून पूर्णपणे गार करावे.

येथेच बहुतेक समोसे बिघडतात. सारण कोमट असतानाच भरले तर त्याची वाफ पारीच्या आतल्या बाजूस धरते. बाहेरून तांबूस दिसणारा तो समोसा ताटात येईपर्यंत आतून ओला झालेला असतो.

भरणे आणि तळणे

पिठाचे आठ गोळे करून प्रत्येकाची लांबट, फुलक्याहून थोडी जाड पोळी लाटावी आणि मधोमध कापावी. अर्ध्या भागाच्या सरळ कडेला पाण्याचे बोट लावून द्रोण करावा, दोन मोठे चमचे सारण भरावे आणि तोंड घट्ट दाबून बंद करावे. मागच्या बाजूस एक लहान चुणी घातली की समोसा ताटात उभा राहतो. भरलेले समोसे दहा मिनिटे उघडे ठेवले की पारीचा वरचा भाग किंचित सुकतो आणि तळताना फोड कमी येतात.

शेगडी पेटवण्यापूर्वी ती पाहून, मऊ कुंचल्याने झाडून घेण्याची यतना येथेही विसरू नये. तेल कडकडीत तापवू नये. पिठाचा लहान गोळा तेलात टाकल्यावर तो तळाशी बसून, बारीक बुडबुडे सोडत सावकाश वर आला पाहिजे. तापमापक असेल तर १४० ते १५० अंश सेल्सिअस ही योग्य उष्णता. फार तापलेल्या तेलात पारीतील पाण्याची एकदम वाफ होऊन तिला फोड येतात; वरचा थर लाल होतो आणि आतला कच्चा राहतो. मंद तेलात तेच पाणी हळूहळू निघून जाते आणि पारी शेवटच्या थरापर्यंत कोरडी होते. खुसखुशीतपणा म्हणजे दुसरे काही नसून हाच कोरडेपणा.

एका वेळी आठ समोसे, १२ ते १५ मिनिटे, अधूनमधून हलक्या हाताने उलटत तळावेत. शेवटच्या दोन मिनिटांत आच थोडी वाढवावी. रंग येतो आणि समोसे उतरताना तेल कमी धरतात. काढल्यावर ते जाळीवर उभे ठेवावेत. एकावर एक रचून डब्यात झाकले तर स्वतःच्याच वाफेने ते मऊ पडतात.

घड्याळाचे गणित असे बसते: अडीच वाजता केळी वाफेवर आणि पीठ फडक्याखाली; सव्वातीनपर्यंत सारण परतून ताटात; पावणेचारला लाटणे; सव्वाचारला कढई; आणि पावणेपाच वाजता सोळाही समोसे ताटात. डिसेंबरातील अगदी कडक नियमालाही यात वेळ उरतो. जूनच्या अखेरीस सूर्यास्त सुमारे सात वाजून वीस मिनिटांनी होतो, तेव्हा तर पुष्कळच सवड मिळते. पण पावसाळ्यात दिवा लागताच किडे त्याभोवती जमतात. उघड्या कढईजवळ ते दृश्य एकदा पाहिले की रात्री तळण न करण्यामागील विचार कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

सोबत काय असावे

खजूर आणि चिंच शिजवून, गाळून, जिरेपूड व काळे मीठ घातलेली चटणी सर्वांत उत्तम. कोथिंबीर-पुदिन्याच्या हिरव्या चटणीत लसणाऐवजी हिंगाची चिमूट आणि लिंबू पुरते. मात्र समोशावर दही ओतून केलेले चाट जैन घरात टाळले जाते. मटार आणि डाळी ही दोन दळांची धान्ये. त्यांचा कच्च्या, न तापवलेल्या दह्याशी संयोग झाला की द्विदलाचा दोष मानला आहे.

चातुर्मासात पालेभाजी, म्हणून कोथिंबीरही, अनेकांना वर्ज्य असते. अष्टमी, चतुर्दशी आणि पर्युषणाच्या दिवसांत कित्येक घरांत हिरवी भाजीच आणत नाहीत. ज्यांचा नियम तळणाला मुभा देतो, त्यांच्यासाठी अशा वेळी मूगडाळीचे सारण आहे. २०० ग्रॅम मूगडाळ दोन तास भिजवून निथळावी, भरड वाटून थोड्या तेलात कोरडी होईपर्यंत परतावी. त्यात धने, बडीशेप, तीळ, सुंठ, लाल तिखट, आमचूर आणि साखर घालावी. समोसे लहान करावेत. मटाराचा समोसा असो वा डाळीचा, ओल्या सारणाचा पदार्थ त्याच दिवशी संपवावा. उरलेले समोसे दुसऱ्या दिवशी गरम करणे किंवा महिनाभर गोठवून ठेवणे मर्यादेत बसत नाही. दिगंबर परंपरेत तर पिठालाही मर्यादा सांगितली आहे: हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवस. म्हणून माणसे मोजूनच गोळे करावेत.

ताटात दोनच

बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अवमौदर्य, म्हणजेच ऊनोदरी, सांगितली आहे: भुकेपेक्षा थोडे कमी खाणे. तळलेल्या पदार्थाच्या बाबतीत तिचे स्मरण विशेष उपकारक. माणशी दोन समोसे पुरेत. आठ माणसांच्या घरात सोळा बरोबर होतात. ते रोज करण्याची वस्तू नाही आणि रसपरित्यागाच्या दिवशी तर नाहीच.

नातवाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र शब्दांनी देऊ नये. त्याला दुपारी आजीजवळ बसवावे. शेंगा सोलू द्याव्यात, प्रत्येक शेंग उघडून पाहण्यास शिकवावे. मोहनाचा मुटका त्याच्याच मुठीत बांधू द्यावा. कढईपासून तो दूर असावा, पण पहिला समोसा जाळीवर आला की तोडून पाहण्याचा मान त्याचा. पारी मोडल्याचा आवाज त्याने एकदा ऐकला, की पुढच्या वेळी तो विचारील तो प्रश्न वेगळा असेल: “आजी, पुढच्या रविवारी माझ्या मित्रांना बोलावू का?”